झुडपाच्या भोवती

झुडपात माणूस लपला असला की त्या झुडपावर पाखरू बसत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, त्या तीन दिवसांत माझं मलाच कळलं. सकाळी लाकडं गोळा करायला रानात गेलं की सगळ्या वेड्या बाभळींवर साळुंक्या आणि सातभाई नुसता कलकलाट करत असायचे, आणि त्या एका मोठ्या जाळीवर काही नाही. मोकळी. लांबून बघणाऱ्याच्याही डोळ्यांत भरेल इतकी मोकळी. मला वाटायचं, आता कुणीतरी मान वर करून बघणार आणि विचारणार, त्या जाळीत काय आहे गं? त्या जाळीत माझा भाऊ होता. सोपानदादा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, आणि पोलिसांच्या भीतीनं तिथं बसलेला.

आता मद्रासबाहेर ओरगडमला मोटारींचे कारखाने झालेत, रोज कंपनीच्या बसगाड्या भरून माणसं जातात. तेव्हा तिकडं सगळं काटेरी रान, मधूनमधून ताड, आणि एक मोठा तलाव. तलावाच्या पलीकडं पुलाचं काम चाललेलं. कामावरच्या लोकांच्या झोपड्या रानाच्या कडेला होत्या, त्यातली शेवटची आमची. माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, ते सोलापूरकडचे. तिकडच्या एका कामावर पुलाच्या साहेबांनी त्यांचं काम बघितलं आणि इकडं मद्रासला येताना सोबत आणलं. साहेबही आपल्याकडचेच, पण ते शहरात बंगल्यात राहायचे, मधूनमधून जीपमधून यायचे. आले की इंग्रजीत बोलायचे, नाहीतर मोडक्या तमिळमध्ये. चारचौघांत आबांशीसुद्धा मराठी बोलायचे नाहीत. त्यामुळं मला तर ते आपल्यातले वाटायचेच नाहीत.

सगळ्या वस्तीत मराठी घर आमचं एकच. त्याचं आम्हाला एक सुख होतं. कुणाचंही काहीही कुणाच्याही तोंडावर बोलावं, कुणाला कळायचं नाही. आई विहिरीवर शेजारणीकडं बघून गोड हसायची आणि मला म्हणायची, "बघ की कशी रहाटाला चिकटलीय घूस." शेजारीण पण हसायची. घरातलं भांडण, आजारपण, लाजेच्या गोष्टी, सगळं आम्ही मोठ्यानं बोलायचो. घराला भिंती ताडाच्या झापांच्या, पण आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. बोली हीच आमची भिंत. त्या सवयीनंच पुढं घात केला.

ज्वारी तिकडं मिळायची नाही. आई कंबूच्या, म्हणजे बाजरीच्या भाकऱ्या करायची. सगळीकडं भात शिजत असायचा आणि आमच्या झोपडीतून थपथप आवाज. पोरं दाराशी येऊन टाळ्या वाजवायची, मराठी बाईचा ढोल म्हणायची. सोबत दाण्याची चटणी, नाहीतर चिंचेचं पाणी आणि कांदा. सोपानदादा एका बैठकीला तीन खायचा. खाताना बोलायचा नाही, खाऊन झालं की ताट पालथं घालून त्यावर बोटांनी वाजवायचा. आई ओरडायची, "दळिद्री लक्षण!" तरी तो वाजवायचाच.

मुकादमाशी भांडण झालं ते पाण्यावरून. आई कामावरच्या पिंपातून घागर भरत होती. मुकादमानं येऊन ती लाथेनं उडवली, घागर आईच्या नडगीवर लागली. दादा वर परांचीवर काम करत होता, तो खाली आला आणि हातात होता तो पाना त्यानं मुकादमाच्या डोक्यात घातला. एकच फटका. मुकादम जो पडला तो उठलाच नाही. त्याला बैलगाडीतून नेलं, तिथून दवाखान्यात. त्याच गडबडीत दादा रानात पळाला. संध्याकाळी साहेबांची जीप आली. साहेब आबांना बाजूला घेऊन बोलले. आबा घरी येऊन म्हणाले, "मुकादम बेसूद हाय. मेला तर फाशी हाय. मी साहेबास्नी शबुद दिलाय, पोरगं दिसलं की कान धरून आणून उभं करतो." आईनं चुलीत लाकूड सरकवलं.

दादा कुठं आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. लाकडं वेचताना जाळीतून हळू आवाज आला, "चंद्रे." मी आईला सांगितलं, आबांना नाही. आबा शब्दाचे पक्के. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी खरंच कान धरून आणला असता, आणि मग फाशी. तेवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. आबा झोपडीच्या मागं खाटेवर पडलेले असायचे, आणि भाकरी थापल्याचा आवाज त्यांना तिथं ऐकू यायचा. दोन भाकऱ्या जास्त थापल्या तर त्यांना कळेल म्हणून आई भाकऱ्या तेवढ्याच करायची, पण जाड, आणि आमच्या दोघींच्या वाट्यातलं मी लाकडांच्या निमित्तानं दादाला नेऊन द्यायची. इतक्या जाड की मधे कच्च्या राहायच्या. पहिल्या रात्री आबा एक तुकडा मोडून म्हणाले, "काय गं, आज वीट भाजलीस का?" आई म्हणाली, "सरपण वलं हाय." आबांनी तिच्याकडं बघितलं आणि खाल्लं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शनिवारी संध्याकाळी पेरियसामी डबा बडवत वस्तीतून फिरला. हा म्हातारा मूळचा तिथलाच, रान त्याला पाठ. साहेब पाहुणे घेऊन आले की शिकारीचा हाका तो उठवायचा. त्या काळी साहेब लोक अशी शिकार करायचे, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. उद्या सकाळी डुकराची शिकार, तो ओरडत होता, दर घरामागं दोन माणसं, मटणाचा वाटा मिळेल. आबा म्हणाले, "मी आन् चंद्री जातो." आई म्हणाली, "तिच्या पायात काटा मोडलाय." आबा म्हणाले, "मग हळू चालंल."

हाका कसा असतो ते सांगते. बंदुकीवाले तलावाच्या बांधावर लपून बसतात. बाकी सगळी माणसं, बाया, पोरं रानाच्या दुसऱ्या टोकाला एका रांगेत उभी राहतात, हातात काठी नाहीतर डबा. पेरियसामीनं शीळ घातली की सगळ्यांनी ओरडत, बडवत पुढं सरकायचं. रांग मोडायची नाही. जनावर आवाजाला भिऊन पुढं पळतं, ते सरळ बंदुकीसमोर. वाटेतलं एकही झुडूप न बडवता सोडायचं नाही, सोडलं तर शिव्या. पण मोठ्या जाळीत कुणी घुसायचं नाही. पेरियसामीच्या मांडीवर हातभर लांब खळगा होता, डुकरानं फाडलेला. तो दर वेळी लुंगी वर करून सगळ्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, "सुत्ति अडी." म्हणजे भोवतीनं मार. आत जाऊ नको.

माझी नात गौरी इथं शहरातच पेरुंगुडीला ऑफिसात आहे, पण निम्मे दिवस घरूनच काम करते. परवा फोनवर कुणाला तरी इंग्रजीत झापत होती, बीट अराउंड द बुश करू नकोस. बुश म्हणजे झुडूप एवढं मला येतं. मी विचारलं, "कुणाला झुडूप मारायला सांगतेस गं?" ती हसली. "अय्यो आजी, तसं नाही. मुद्द्याचं सोडून इकडचं तिकडचं बोलायचं, त्याला म्हणतात." मी म्हटलं, पण झुडूप कशाला? मग तिनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. म्हणे फार पूर्वी इंग्लंडात श्रीमंत लोक शिकारीला जायचे, तेव्हा गरीब माणसं लावून झुडपं बडवायचे. आत रानडुक्कर असलं तर दात लावेल म्हणून ती माणसं आत न जाता भोवतीच बडवायची. पहिल्यांदा त्याचा अर्थ वाईट नव्हता. भोवती बडवणं ही नुसती तयारी, मारणारा दुसराच. नंतर नंतर लोक म्हणायला लागले, नुसता भोवती फिरतोय, कामाचं काही करत नाही. गौरीला वाटलं गंमत सांगितली. मी भाजी निवडत होते, माझ्या हातातली पालेभाजी तशीच राहिली. कुठलं इंग्लंड, आणि तिथंही सुत्ति अडी. भोवती मारणाऱ्याला घाबरट म्हणणं सोपं आहे. जाळीपासून तीन हातांवर उभं राहून बघावं एकदा.

सकाळी निघताना आईनं मला दाराआड ओढलं. म्हणाली, "त्या जाळीम्होरं तूच ऱ्हा. दुसऱ्या कुनाला हुबं ऱ्हाऊ देऊ नगं." रात्री मागं आबांची खाट होती, आणि सकाळी दादाला जाऊन सांगायला वेळच मिळाला नाही. फटफटायच्या आधी सगळ्यांना गोळा करून लांबच्या टोकाला नेलं होतं. पेरियसामीनं मला रांगेच्या डाव्या अंगाला उभं केलं. जाळी मधल्या अंगाला येणार होती. तिथं उभ्या असलेल्या पोरीला मी म्हटलं, तुझ्या बाजूला साप दिसला. ती आनंदानं जागा बदलून गेली. आबा माझ्या उजवीकडं, दहा माणसं सोडून.

शीळ झाली. डबे वाजायला लागले, एक पराई ढोल होता तो वाजायला लागला. तित्तिर फडफडत उठले, एक ससा माझ्या पायाशेजारून गेला. पोरं हसत होती, दगड मारत होती. मी मनात एकच हिशोब करत होते, दादाला हा आवाज कशाचा वाटत असेल? आज शिकार आहे हे त्याला काय माहीत. त्याला वाटणार पोलीस आणि सगळी वस्ती मिळून मला धरायला येताहेत. तो पळणार. आणि पळणार तो पुढंच, कारण मागून सगळी रांग येत होती. आईनं पाठवलेली घोंगडी पांघरून, वाकून, काळा सावळा, झाडोऱ्यातून बांधाकडं. बांधावरच्या माणसाला ते डुक्करच दिसणार.

जाळी आली. वर पाखरू नाही. मी नुसतंच काठीनं जमिनीवर मारल्यासारखं करून पुढं जाणार होते, तेवढ्यात पेरियसामी आला. त्यानं जाळीच्या बुंध्याला हात लावला, चिखल ओला होता. काट्याला केस अडकला होता. कशाचा होता देव जाणे. त्यानं सगळ्यांना हात केला आणि म्हणाला, "आत पन्नी आहे." पन्नी म्हणजे डुक्कर. दहा-बारा माणसं आली आणि जाळीला घोड्याच्या नालासारखी उभी राहिली. मोकळी बाजू तेवढी बांधाकडची. पोरांनी दगड उचलले. पेरियसामी म्हणाला, "सुत्ति अडी! जोरात!"

आत पाचोळा वाजला. मला ऐकू आलं. एक माणूस गुडघ्यावर उठताना जसा वाजतो तसा.

मी डबा वर धरून बडवायला लागले आणि हाक्याच्या चालीत जीव खाऊन ओरडले, "दादा रंऽ उठू नगोऽ! पोटावर पडऽ! हलू नगो रंऽ!" पाचोळा थांबला. मी परत ओरडले. पेरियसामी खूश झाला. "ए मराठी पोन्नु, मराठी पोरी! तुमच्या देशात असा हाका देतात होय?" मी म्हटलं, हो, असाच देतात. त्यानं सगळ्यांना सांगितलं, ही म्हणते तसं म्हणा. आणि सगळी रांग ओरडायला लागली. पोरं, म्हातारे, बाया, कुणाला धड म्हणता येत नव्हतं, तरी एका तालात, "दादा रे उटु नगो! पोटावर पड!" पराईवाल्यानं त्याला ठेका धरला. पोरं तर नाचायला लागली. मला हसू आलं. खरंच आलं. आत माझा भाऊ, आणि सगळी वस्ती त्याला आमच्या बोलीत सांगतेय की पडून राहा. मला वाटलं, वाचला.

मग माझं लक्ष उजवीकडं गेलं. आबांचा डबा थांबला होता. ते जाळीकडं बघत नव्हते, बांधाकडं बघत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाची आईही सोलापूरकडचंच बोलत असणार.

बांधावरून शिट्टी वाजली. लांब, एकसारखी. म्हणजे हाका थांबवा. डबे गप्प झाले. साहेब बांध उतरून एकटेच चालत आले. बंदूक हातात. पाहुणे वर उभे राहून इंग्रजीत काहीतरी ओरडत होते, त्यांच्याकडं त्यांनी बघितलं नाही. ते जाळीपासून दोन-तीन पावलांवर, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवला. मला लघवी होईल असं वाटलं.

"नाव काय तुझं?" मराठीत विचारलं.

"चंद्रभागा."

"कोणाची?" मी आबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "असू दे. कळलं." मग त्यांनी आवाज चढवला. बघत माझ्याकडं होते, पण इतक्या जवळच्या माणसाशी कुणी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही. "मुकादम काल शुद्धीवर आला. पेज प्यायला. ऐकलंस? मरत नाही तो. मी चौकीत अजून काही लिहून दिलेलं नाही. उद्या सकाळच्या हजेरीला ज्याचं नाव आहे त्यानं उभं राहावं, मुकादमाची माफी मागावी, कामाला लागावं. उभा नाही राहिला, तर मग माझ्या हातात काही नाही. लिहून द्यावं लागेल. तुला सांगतोय मी. कळलं का?"

"व्हय साहेब."

जाळीत काही वाजलं नाही. वाऱ्यानं पानं हलली तेवढीच. तेव्हा मी आत जायला हवं होतं. आडवं पडून दोन हात सरकले असते तर त्याचा पाय हाताला लागला असता. म्हणाले असते, दादा, खरं हाय, ऊठ. आबाही जाऊ शकत होते. साहेबही सरळ नाव घेऊ शकत होते. पण चाळीस माणसं बघत होती, बांधावर दोन बंदुका होत्या, आणि आम्ही तिघंही आपापल्या जागी उभे राहिलो. साहेब पेरियसामीला म्हणाले, इथं काही नाही, पुढं चला. तो कुरकुरला, अय्या, आत पन्नी आहे, मी वास घेतलाय. साहेब म्हणाले, "माझा आज नेम लागत नाही." रांग पुढं निघाली. पेरियसामीनं मला विचारलं, "साहेब एवढं काय बोलला?" मी म्हटलं, नाव विचारलं. तो म्हणाला, "नुसतं नाव? एवढा वेळ?" मी म्हटलं, आमची नावं लांब असतात.

डुक्कर मिळालं नाही. घरी येताना आबा माझ्या पुढं चालत होते. झोपडी दिसायला लागल्यावर मागं न बघता म्हणाले, "दिवस कलला की जाऊन आण त्याला. मी न्हाई येत. मला बघून पळंल." मी धावत जाऊन आईला सांगितलं. आईनं लगेच परात घेतली. त्या दिवशी तिनं पातळ भाकऱ्या केल्या. किती थापल्या कुणास ठाऊक. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी थपथप. पोरं टाळ्या वाजवायला आली तर तिनं त्यांनाही एकेक दिली. आबा खाटेवर पडून ऐकत होते.

दादा परत आला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं मला ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीला साहेबांनी स्वतः नाव घेतलं, सोपान, आणि थांबले. परत घेतलं. आबा रांगेत खाली बघत उभे होते. तिसऱ्यांदा नाव न घेता साहेबांनी पान उलटलं. मुकादम बरा होऊन परत कामावर आला, डोक्याला पट्टी बांधून वर्षभर आमच्यासमोर फिरत होता. आम्ही त्याच्या हाताखाली काम केलं. मग पूल झाला, आम्ही दुसऱ्या कामावर गेलो. आबा गेले, आई गेली. माझं लग्न झालं, पोरं झाली, इकडं शहरात आले. कुठं कुणी म्हातारा ताटावर बोटं वाजवत असला तर मी अजून मान वळवते. लोकांना वाटतं म्हातारीला ताल आवडतो.

त्या संध्याकाळी मी चारच्या सुमाराला पोचले. पदरात चार भाकऱ्या, अजून ऊन. जाळीवर साळुंक्या बसल्या होत्या. तीन-चार, आरामात भांडत. त्या बघून मी तिथंच थांबले. हाक मारायची गरज नव्हती, तरी मारली. मग भाकऱ्या खाली ठेवल्या, पोटावर पडले आणि काट्यांखालून आत सरकले. आत एका माणसाला जेमतेम पडता येईल एवढी जागा, पाचोळा दाबून सपाट झालेला. तो जसा पडला असेल तशी मी पडले. बाहेरचं काही दिसत नव्हतं. फांद्या जमिनीला टेकलेल्या, खाली टीचभर फट. तेवढ्या फटीतून सकाळची ओली माती दिसत होती. त्यात माझ्या अनवाणी पायांचे ठसे, त्यांच्यासमोर बुटांचे, आणि बुटांच्या शेजारी बंदुकीचा दस्ता टेकलेली खूण. साहेब चांगलं बोलले होते. मी बाहेर उभी होते, मी त्यांचं तोंड बघितलं होतं. त्याला तोंड दिसलंच नाही. त्याला माझे पाय दिसले, आणि त्यांच्यासमोर बूट आणि बंदूक.

लांबून आईची हाक आली. झोपडीच्या मागं उभी राहून ती आमच्या बोलीत गळा काढून ओरडत होती, कुणाला कळेल याची आता भीती नव्हती. "सोपानाऽ! चंद्रेऽ! या रं दोघं! भाकरी निवत्यात!" आवाजात हसू होतं. मी ऐकत होते. मला उठता येईना. माझी आई होती, माझंच नाव होतं, तरी पोटाखालचा पाचोळा वाजू नये म्हणून मी श्वास धरून पडून राहिले.